नायक नकोसा असतो तेव्हा

या वेळच्या पत्रांमध्ये एकच गाऱ्हाणं निरनिराळ्या तोंडांनी आलं आहे. मालिकेचा नायक मनातून उतरला तरी मालिका सुटत नाही, हे कसं? आणि काहींची नेमकी उलटी अडचण: सगळे वाखाणतात ती मालिका आपल्याला सोसवत नाही. मी मालिकांचे संवाद लिहिते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे. 'ब्रेकिंग बॅड' आणि 'सक्सेशन' यांचे शेवट खाली उघड केले आहेत. त्या बघायच्या राहिल्या असतील, तर ती दोन उत्तरं मागाहून वाचा.

प्रश्न : ताई, मी आणि माझे यजमान सध्या 'ब्रेकिंग बॅड' बघतोय. वॉल्टर संकटात सापडला की ते अस्वस्थ होतात, आणि त्याची बायको स्कायलर आली की म्हणतात, "आली कटकट." मलाही तिचा राग येतो. मग वाटतं, खून हा माणूस करतोय आणि राग मी तिच्यावर काढतेय. असं का होतं? — एक वाचक, नाशिक

तुमच्या घरात झालं ते जगभर झालं. स्कायलरची भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी ऑगस्ट २०१३मध्ये, मालिका संपायला आली असताना, 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये याच विषयावर लेख लिहिला. स्कायलरच्या द्वेषाला वाहिलेली फेसबुक पानं निघाली होती आणि त्यांत हजारो लोक होते. पात्राचा द्वेष हळूहळू ते काम करणाऱ्या बाईवर घसरला. ही कुठे सापडेल, म्हणजे तिला मारता येईल, असं लिहिणाराही कुणी निघाला. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी गन यांना या भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला. म्हणजे काम उत्तम झालं होतं, आणि शिव्याही त्याच कामाला पडत होत्या.

याचं कारण आधी मालिकेच्या बांधणीत शोधा. पहिल्या भागात वॉल्टर पन्नास वर्षांचा होतो. शाळेत रसायनशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी गाड्या धुण्याच्या केंद्रावर राबतो. तिथे त्याच्याच वर्गातल्या पोराच्या गाडीची चाकं त्याला घासावी लागतात. पाठोपाठ फुप्फुसाचा कर्करोग. आपल्यामागे घरच्यांना पैसा हवा म्हणून तो अमली पदार्थ बनवायला लागतो. हे आपल्याला कळतं, स्कायलरला कळत नाही. तिथून पुढे त्याचं जवळजवळ प्रत्येक गुपित आधी आपल्या कानात येतं. ज्याचं गुपित आपण राखतो, त्याचे आपण साथीदार होतो. मग "कुठे होतास?" असं विचारणारी बाई आपल्यालाच पकडायला आल्यासारखी वाटते. स्कायलरजवळ आपल्यापेक्षा किती तरी कमी माहिती आहे, तरी तिची शंका दर वेळी बरोबर निघते. त्याचाच आपल्याला त्रास होतो.

मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन आणि त्यांच्या लेखकांनी मात्र पुरावा कुठेच दडवलेला नाही. पहिल्या पर्वातच वॉल्टरचा जुना भागीदार एलियट त्याला नोकरी आणि तिच्याबरोबर आरोग्यविमा देऊ करतो. एलियटची बायको ग्रेचेन उपचारांचा खर्च उचलायला तयार होते. वॉल्टर नकार देतो. पैशाची सबब तिथे संपली. पुढचं सगळं त्याच्या अहंकारापायी घडतं. दुसऱ्या पर्वात त्याच्या धंद्यातला तरुण साथीदार जेसी याची मैत्रीण जेन झोपेत उलटी होऊन गुदमरते, आणि वॉल्टर शेजारी उभा राहून बघत राहतो. एवढं बघूनही आपण पुढचा भाग लावतो, कारण आपण त्याच्याबरोबर फार लांब आलेलो असतो.

आता एक करून बघा. कुठलाही एक भाग फक्त स्कायलरला काय माहीत आहे एवढंच धरून बघायचा. नवरा रात्री गायब, खोटं बोलतो, दुसरा फोन बाळगतो, घरात अंगावर पिणारी मुलगी आहे, मुलगा कुबड्या घेऊन चालतो. त्या जागी बसलात की वॉल्टर वेगळा दिसायला लागतो. शेवटच्या पर्वात 'ओझिमँडियस' नावाचा भाग आहे. त्यात वॉल्टर घरी फोन करतो. पोलीस ऐकताहेत हे त्याला माहीत असतं. स्कायलरवर आळ येऊ नये म्हणून तो सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेत तिला वाट्टेल तसं बोलतो: सारखी कुरकुर करत आलीस, कधी साथ दिली नाहीस. मला तो प्रसंग बघताना दर वेळी वाटतं, की प्रेक्षकांनी तिला वर्षानुवर्षं दिलेली दूषणं लेखकांनी गोळा करून वॉल्टरच्या तोंडी घातली आणि ती कशी ऐकू येतात ते आपल्याला दाखवलं. शेवटच्या भागात तो तिच्यासमोरच कबूल करतो, की हे सगळं मी माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं. ही कबुली जेसीपाशी किंवा मुलापाशी होत नाही. तिच्यापाशी होते, कारण पहिल्यापासून खरं ओळखणारी तीच होती. हे दोन भाग यजमानांबरोबर बघा आणि मग बोला.

प्रश्न : 'रात्रीस खेळ चाले'मधले अण्णा नाईक आमच्या गावात आजही लोकांच्या तोंडी आहेत. माणूस जमिनी लाटतो, बायकांवर वाईट नजर ठेवतो, जीव घेतो. तरी लाडका! आम्हा कोकणातल्या लोकांचं काही चुकतंय का? — एक वाचक, कुडाळ

तुमचं काही चुकत नाही. माधव अभ्यंकरांनी तो माणूस असा उभा केला, की तो ओसरीवर आला की घरातल्यांच्या हालचाली बदलायच्या. अशा माणसाच्या सावलीत वाढलेली घरं कोकणात आहेत, घाटावर आहेत, विदर्भातही आहेत. ओळख पटली म्हणून माणसं बघत राहिली.

लेखनाच्या अंगाने मला त्यात फार मोलाची एक गोष्ट दिसते. २०१६च्या पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णांच्या मरणाने झाली. २०१९च्या दुसऱ्या पर्वात मालिका मागे गेली आणि ते जिवंत असतानाचा काळ दाखवायला लागली. म्हणजे हा माणूस कसा गेला आणि मागे घराची काय दशा झाली, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होतं. शेवट पक्का असल्यामुळे लेखकांना अण्णांना सुधारावं लागलं नाही. आपल्या रोजच्या मालिकेला ही मोकळीक जवळजवळ कधीच मिळत नाही. 'ब्रेकिंग बॅड'चे सगळे मिळून ६२ भाग, तेही पाच पर्वांत. आठवड्याला सहा भाग जाणारी मराठी मालिका तेवढे भाग सव्वादोन-अडीच महिन्यांत संपवते, आणि तेव्हा तिची कुठे सुरुवात झालेली असते. वर्षाला तीनशेच्या वर भाग. मालिका सहा महिने चालणार की चार वर्षं, हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं. ज्याचा शेवट माहीत नाही अशा माणसाला उतरणीला लावायचं कसं? म्हणून आपले नायक एका जागी उभे असतात आणि संकटं त्यांच्यावर येऊन आदळत राहतात.

पण तुम्ही ज्यांचं नाव पत्रात घेतलं नाहीत, त्या माईंबद्दल मला लिहायचं आहे. शकुंतला नरे यांनी केलेल्या माई सगळं बघतात आणि घर धरून ठेवतात. माईंचा कुणाला राग आला नाही. स्कायलरचा आला. दोघींचे नवरे गुन्हेगार, दोघींना मुलं सांभाळायची आहेत. फरक एवढाच, की माई सोसतात आणि स्कायलर जाब विचारते, घटस्फोटाची भाषा करते. सोसणाऱ्या बाईसाठी आपण डोळे पुसतो आणि जाब विचारणारीला कटकटी ठरवतो. हे 'ब्रेकिंग बॅड' जिथे घडते त्या न्यू मेक्सिकोतल्या प्रेक्षकाचं जितकं खरं आहे, तितकंच कुडाळच्या आणि माझ्या घरातल्या प्रेक्षकाचंही. अण्णा आवडण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माईंनी एखाद्या रात्री घराला कडी लावून अण्णांना बाहेर ठेवलं असतं, तर आपण कुणाच्या बाजूला उभे राहिलो असतो, हे मात्र मी स्वतःला विचारते.

प्रश्न : 'देवमाणूस' आमच्याकडे सगळे बघायचे. आमच्याच जिल्ह्यात घडलेल्या प्रकाराशी तिचा संबंध होता. मला ती बघवली नाही आणि घरच्यांनी मला भित्रा म्हटलं. — एक वाचक, सातारा जिल्हा

तुम्ही भित्रे नाही. डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसावर अनेक खुनांचा आरोप असलेलं जे प्रकरण २०१६मध्ये वाईत उघडकीला आलं, ते तुमच्यासाठी ऐकीव नव्हतं. रस्ते माहितीचे, दवाखान्यांच्या पाट्या माहितीच्या. ज्या घरांतली माणसं गेली, ती घरं तिथेच आहेत. अशा वेळी रात्री जेवणं उरकून त्याच गोष्टीचा खेळ बघणं न सोसणं हे शहाण्या माणसाचं लक्षण आहे.

२०२० आणि २०२१मध्ये गाजलेल्या त्या मालिकेत किरण गायकवाड यांनी बोगस डॉक्टरचं काम फार चांगलं केलं. गावाने देव मानलेला माणूस खुनी आहे, हे फक्त प्रेक्षकाला ठाऊक, ही मांडणीही पकड घेणारी होती. माझी हरकत दुसरीकडे आहे. रोजच्या मालिकेत कथा ट्रॅकने चालते. एक बाई येते, डॉक्टरच्या जाळ्यात सापडते, तिचा ट्रॅक काही आठवडे रंगतो, ती मरते आणि पुढचा ट्रॅक सुरू होतो. गेलेल्या बाईच्या घरी काय झालं, तिच्या आईने पोलीस ठाण्याच्या किती चकरा मारल्या, याला ट्रॅकमध्ये जागा नसते, कारण त्या कलाकाराचं काम संपलेलं असतं. खुनी रोज रात्री दिसतो आणि मेलेली माणसं परत दिसत नाहीत. असं वर्षभर चाललं, की प्रेक्षकाची माया कुठे जमणार? मूळ प्रकरण काल्पनिक असतं तर मी एवढं ताणलं नसतं. इथे खरी कुटुंबं आहेत, म्हणून ताणते.

मालिकेतल्या सरू आजीच्या म्हणी मात्र मलाही आवडायच्या.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. त्याने 'सक्सेशन' बघायला लावली. चार भाग पाहिले. एकही माणूस बरा नाही! बाप दुष्ट, पोरं लोभी, जावई लाचार. बँकेत आयुष्य काढल्यामुळे अशी माणसं टेबलापलीकडे पुष्कळ पाहिली. निवृत्तीनंतर पुन्हा कशाला बघू? — एक ज्येष्ठ वाचक, पुणे

नको वाटत असेल तर खुशाल बंद करा. मुलाला सांगा, पाहिली, झेपली नाही. मालिका बघणं हे कुणाचं ऋण नाही.

पण चार भागांवर थांबलात, तर मालिका जिथे खरी उघडते ते दार तुम्ही पाहिलेलंच नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटी इंग्लंडमध्ये बहिणीचं लग्न असतं. बापाच्या कंपनीचा वारसदार म्हणवणारा मुलगा केंडल नशेचा माल मिळवायला एका तरुण वेटरला गाडीत घेऊन निघतो. गाडी पाण्यात जाते. वेटर बुडतो, केंडल बाहेर येतो आणि चालत परत लग्नात जाऊन नाचतो. सकाळी बापाला सगळं कळलेलं असतं. बाप प्रकरण दाबतो आणि त्या दिवसापासून मुलगा त्याच्या मुठीत जातो.

इथवर आपण अनेक गोष्टींत पाहिलेलं आहे. जेसी आर्मस्ट्राँग यांची मालिका वेगळी होते ती यापुढे. ती त्या वेटरला विसरत नाही. दुसऱ्या पर्वात बाप लोगन मुद्दाम केंडलला त्या मुलाच्या आईबापांच्या घरी घेऊन जातो. साधं घर, साधी माणसं. केंडलला तिथे उभं राहणं असह्य होतं. रात्री तो परत येतो आणि त्यांच्या दारातून नोटांचं पुडकं आत सरकवतो. आणि पर्वाच्या शेवटी लोगन त्याला त्या मुलाबद्दल सांगतो, की त्यात खरी व्यक्ती कुणी गुंतलेलीच नव्हती. या घराण्याची सगळी नीती त्या एका वाक्यात आहे. पुढे, मे २०२३मधल्या अगदी शेवटच्या भागात, खुर्ची हातातोंडाशी आली असताना बहीण त्या मृत्यूची आठवण काढते, आणि केंडल म्हणतो, तसं काही घडलंच नव्हतं. पूर्वी त्याने हेच भावंडांपुढे रडत कबूल केलेलं आपण पाहिलेलं असतं. ३९ भागांत त्या वेटरची आठवण मोजक्याच वेळा निघते, पण दर वेळी रॉय घराण्याचं माप त्याच्यावरून निघतं.

अशी मालिका मला मनापासून बघता येते. पडद्यावर एकही बरा माणूस नसला तरी चालतं. लिहिणाऱ्याने नुकसान झालेल्या माणसाचा पत्ता हरवलेला नाही, एवढं मला पुरतं. तुम्ही कर्जबुडव्यांच्या जामीनदारांना भेटलेले असणार. जामीनदाराच्या घरी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पहिलं पर्व तेवढं पुरं करा, असं मी आग्रहाने सुचवीन. त्यानंतर मात्र निर्णय तुमचा.

प्रश्न : 'फ्लीबॅग'सारखी चुकणारी, खोटं बोलणारी, तरी जवळची वाटणारी नायिका मराठी मालिकेत का नाही? — एक वाचक, डोंबिवली

कारण तिला येऊ दिलं जात नाही. फिबी वॉलर-ब्रिज यांनी 'फ्लीबॅग' आधी २०१३मध्ये एडिनबरामध्ये एकपात्री म्हणून केली आणि मग बीबीसीसाठी २०१६ आणि २०१९ अशा दोन पर्वांत तिचे बारा भाग लिहिले. बारा! सगळं लेखन एका हातचं, शेवट ठरलेला.

मी एका मालिकेसाठी अशी नायिका लिहिली होती. धाकट्या बहिणीच्या लग्नाचे दागिने गहाण टाकून स्वतःचं दुकान उभं करणारी. वाहिनीच्या बैठकीत सगळ्यांना ती आवडली. पहिले भाग गेले, गुरुवारी टीआरपी आला आणि सूचना सुरू झाल्या. तिला देवापुढे दिवा लावताना दाखवा. तिला दागिन्यांबद्दल माहीतच नव्हतं, असं करा. मग दागिने एका खलनायिकेने गहाण टाकल्याचं निघालं, आणि माझी नायिका रडत बसली. हे होऊ नये म्हणून मी भांडले. बाकीचे लेखकही भांडतात. 'द सोप्रानोज' ही गुन्हेगारांच्या टोळीप्रमुखावरची मालिका १९९९मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या पाचव्या भागावरून असंच भांडण झालं होतं. टोळीप्रमुख टोनी मुलीला कॉलेजं दाखवायला घेऊन जातो, ती गाडीत त्याला विचारते की तुम्ही माफियात आहात का, आणि त्याच सहलीत तो एका जुन्या फितुराचा स्वतःच्या हाताने गळा आवळतो. वाहिनीच्या वरिष्ठांना धास्ती वाटली, की प्रेक्षक टोनीला सोडून जातील. मालिकेचे कर्ते डेव्हिड चेस यांचं म्हणणं होतं, की तो फितुराला जिवंत सोडेल तर प्रेक्षकांचा त्याच्यावरचा विश्वासच उडेल. चेस यांनी धरून ठेवलं, खून राहिला, आणि त्याच भागाच्या लेखनाला एमी मिळालं. फिबीला आणि चेसना ऐकून घेणारं माणूस बैठकीत मिळालं. मराठीत ते मिळेल, बहुधा आठ-दहा भागांच्या वेब मालिकेत आधी मिळेल.

प्रश्न : मी नाट्यशास्त्र शिकते. माझ्या मनात एक वेब मालिका आहे. नायक पतसंस्थेचा व्यवस्थापक आहे, गोडबोल्या, आणि लोकांच्या ठेवी खातो. माझ्या मावशीचे पैसे अशाच एका ठिकाणी अडकले, त्यातून हे सुचलं. मित्र म्हणतात, त्याला आजारी आई दे, नाहीतर लोक त्याच्याशी जोडले जाणार नाहीत. देऊ का? — एक विद्यार्थिनी, यवतमाळ

देऊ नकोस. आजारी आई दिलीस की प्रत्येक चोरीला औषधाचं बिल चिकटेल, आणि तुझी सहा भागांची कथा माफीनाम्यात संपेल. त्याच्याशी प्रेक्षक जोडला जायला आजारी आईची गरज नाही. त्याला त्याचं काम उत्तम येऊ दे. ठेवीदारांची नावं, त्यांच्या मुलांची शिक्षणं, कुणाला मधुमेह आहे, कुणाची सोयाबीन पावसात गेली, हे त्याला तोंडपाठ असू दे. तो काउंटरमागून उठून म्हाताऱ्या माणसाला खुर्ची आणून देतो, हे खरंच मनापासून करू दे. लेखापरीक्षणाच्या आदल्या रात्री तो खोटी कर्जखाती कशी तयार करतो, ते पायरी पायरीने दाखव. कौशल्य बघत राहावंसं वाटतं, माणूस कितीही वाईट असला तरी.

एक ठेवीदार निवड आणि तिला प्रत्येक भागात आण. एखाद्या भागात अर्धं मिनिट, एखाद्या भागात दहा मिनिटं. पैसे काढायला ती पहिल्यांदा येते तेव्हा तिला "सोमवारी या" म्हणून परत पाठवलं जातं. मग सोमवार, मग पुढचा महिना. तिचं एसटीचं भाडं, बुडलेला रोज, घरी जाऊन नवऱ्याला काय सांगते, हे सगळं तुला मावशीकडून माहीत असणार. नायकाला तिची दया येऊ दे, आणि दया येऊनही त्याला पैसे खाऊ दे. शेवटचा भाग आधी लिही. तो पकडला जातो की आमदार होतो, हे तुझं तू ठरव, पण पहिला भाग लिहायला बसण्याआधी ठरव.

पहिल्या दोन भागांची पटकथा झाली की वर्गातल्या मित्रांना देण्याआधी मावशीला वाचून दाखव. ती व्यवस्थापकाच्या बोलण्यावर हसली, तर तो जमला आहे. आणि ज्या ठिकाणी ती म्हणेल की "असं नव्हतं गं", ते पान काढून तिच्याकडून पुन्हा ऐकून घे.